खाणावळ कुणाच्या नावावर

रविवारची प्रार्थना आटोपून तेरेसा आईला घेऊन धक्क्यावर आली, तेव्हा खाणावळीच्या दारासमोर काझिकची गाडी आधीच उभी होती, आणि तीही अशी आडवी की आईला पायऱ्यांपर्यंत पोचायला वळसा पडावा. तेरेसाने आईचा दंड धरला आणि वळसा घेतला. गेले नऊ आठवडे ती असे लहानमोठे वळसेच घेत होती. काझिक तिचा पाठचा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी बायको-मुलीला सोडून दूर दक्षिणेत टँपाला गेलेला, आणि या उन्हाळ्याच्या शेवटी, कुणी बोलावलेलं नसताना, दोन बॅगा घेऊन तिच्या तळघरात राहायला आलेला. का आलास, हे तिने विचारलं नव्हतं. नदीकाठच्या बागेची बातमी पेपरात आली त्याच आठवड्यात तो आला होता. विचारायचं काय?

आईला, स्टेफानियाला, त्र्याऐंशीवं वर्ष लागलं होतं. डाव्या कानाने तिला काही ऐकू येत नसे, आणि कुणाला कुठल्या अंगाला बसवायचं हे ती ठरवून करी. आज तिने काझिकला डावीकडे बसवलं. तेरेसाच्या ते लक्षात आलं. काझिकच्या आलं नाही.

खाणावळ रविवारी बंद असे, पण मारिबेल सकाळपासून आत होती. मंगळवारी नदीकाठ मंडळाची माणसं कुंपण घालायला येणार, त्याआधी फ्रीजर रिकामा व्हायला हवा, म्हणून उरल्यासुरल्या सगळ्या पिएरोगी, सारण भरलेल्या त्या पोलिश करंज्या, उकडायचं तिने काढलं होतं. मारिबेल ही काझिकची बायको, म्हणजे एके काळची. शेजारच्या केन्सिंग्टन वस्तीतल्या पोर्तोरिकन घरातली पोरगी. बाविसाव्या वर्षी या पोलिश घरात लग्न करून आली ती सरळ चुलीपुढेच उभी राहिली. पुढे नवरा गेला आणि सून राहिली. इकडच्या पोर्ट रिचमंड वस्तीतल्या म्हाताऱ्या आधी कुजबुजल्या, मग सवयीने गप्प झाल्या, आणि शेवटी आपापल्या सुनांना तिच्याकडे पिएरोगी वळायला शिकायला पाठवू लागल्या. काझिक परत आल्यापासून ती त्याच्याशी एकदाही वाकडं बोलली नव्हती. गिऱ्हाइकाशी वागावं तशी वागत होती, आणि काझिकला तेच जास्त झोंबत होतं.

या एकोणीस नंबरच्या धक्क्याला आता बोट लागत नसे. तेरेसाच्या लहानपणी इथे कोकोची पोती उतरत. बाप, लुडविक, एका टोळीचा मुकादम होता, आणि त्याच्या माणसांना पहाटे काही गरम पोटात पडावं म्हणून शेडच्या टोकाला ही खाणावळ निघाली. मग कंटेनर आले, काम नदीच्या खालच्या अंगाला सरकलं, बाप गेला, शेडचं छप्पर दोन ठिकाणी बसलं. खाणावळ मात्र मोठ्या बोटी ओढणाऱ्या टगवरचे खलाशी, ट्रकवाले आणि गळ टाकून बसणारे म्हातारे यांच्या जिवावर रेटत राहिली. आता शेड पाडून धक्क्यावर बाग व्हायची होती. रस्त्यापलीकडे चार इमारती उठायच्या होत्या, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. नदीकाठ मंडळाने जुन्या भाडेकरूसाठी एक गाळा राखून ठेवला होता, आणि जुनं भाडेकरू म्हणून अख्ख्या धक्क्यावर आईच तेवढी उरली होती. गाळा कुणातरी एकाच्याच नावावर होणार होता. ते नाव सोमवारी दुपारी बाराच्या आत कळवायचं होतं.

या एका ओळीपर्यंत पोचायला सहा वर्षं गेली होती, आणि त्या सहा वर्षांतली एकही सभा तेरेसाने चुकवली नव्हती. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या, भिंतीवर नकाशे, नकाशावर हिरवे ठिपके. पहिल्या वर्षी ती उभी राहून ओरडली होती. दुसऱ्या वर्षी तिने सह्या गोळा केल्या. बागेत सावली असावी, गळ टाकणाऱ्यांना कठडा बुटका ठेवावा, नव्या इमारतींत जुन्या गल्लीतल्यांना परवडतील अशी काही घरं असावीत, असं एकेक मागून घेतलं. मंडळाची माणसं वाईट नव्हती. दर दीड वर्षाने बदलायची, एवढंच. नवीन माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. पाचव्या वर्षापासून ती विणकाम घेऊन जाऊ लागली. पोस्टात एकतीस वर्षं थैली वाहून तिचे गुडघे गेले होते, पण त्या सभांनी जे नेलं ते कुठल्या डॉक्टरला दाखवावं हे तिला कळत नव्हतं.

मनातल्या मनात तिला एकच हवं होतं. गाळा कुणाला का मिळेना, नाही मिळाला तरी चालेल, पण सोमवार एकदाचा यावा आणि जावा.

हेन्रिक आला तो तोंड उतरवूनच. तो धाकटा. नदीच्या खालच्या बंदरात क्रेनवर होता, आणि त्याचा राग त्या क्रेनइतकाच उंच आणि तितकाच सावकाश फिरणारा होता. त्याला गाळाच नको होता. आईने धक्का सोडू नये, मंगळवारी दारात खुर्ची टाकून बसावं, त्याचे पाचसहा जोडीदार मागे उभे राहतील, टीव्हीवाल्या एका बाईशीही बोलणं झालंय, असं त्याने कोट काढता काढताच सांगून टाकलं. म्हाताऱ्या बाईला खुर्चीसकट उचलायची कुणाची छाती होते ते बघू, म्हणाला.

तेरेसाने विचारलं, "आईला विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? तिचीच तर खाणावळ आहे."

आई खिडकीतून नदीकडे बघत होती. चष्मा पुसून तिने परत चढवला.

सगळ्यात शेवटी इनेस आली. काझिक आणि मारिबेलची ही एकुलती एक. चोवीस वर्षांची, शहरातल्या वाचनालयात नोकरीला. आजीच्या दोन्ही गालांना गाल लावून ती तिच्या उजव्या बाजूला बसली. बापाकडे पाहून मान हलवली, तेवढंच. मंडळाचं पत्र तिच्याजवळ होतं. घरात ते सगळ्यांनी पाहिलं होतं, पण तिच्याशिवाय शेवटपर्यंत कुणी वाचलं नव्हतं.

काझिकला पत्रात रस नव्हता. त्याने टेबलावरची बशी बाजूला सारून एक मोठा कागद उलगडला. गाळ्याचं चित्र होतं. टँपाच्या कुणा ओळखीच्याकडून काढून आणलेलं. लांबलचक लाकडी टेबल, बिअरचे पितळी नळ, भिंतीवर पोती ओढायचे बापाचे आकडे, मधोमध बापाचा फोटो माणसाएवढा मोठा, आणि दारावर पाटी: लुडविकचा धक्का. संध्याकाळी बिअर, शनिवारी बाजावाले, सकाळी बंद. सकाळी आता तिथे येणार कोण, तो म्हणाला. त्या इमारतींत राहायला येणारी माणसं सकाळी कुत्री फिरवतात आणि कॉफी उभ्या उभ्या पितात.

चित्र चांगलं होतं. तेरेसाला तेच खटकलं. बापाच्या डोक्यावर त्या चित्रात कोकोच्या धुळीचा कणही नव्हता. पण गाळा असाच चालेल, हेही तिला दिसत होतं, आणि काझिक मूर्ख नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तो टिकत नाही, एवढंच.

हेन्रिकने कागदाकडे पाहून विचारलं की आईचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा हा पितळी नळवाला कुठे होता. काझिकने उत्तर दिलं की ज्याने आयुष्यात 'नाही' या शब्दापलीकडे काही उभं केलं नाही त्याने त्याला विचारू नये. मग दोघांनी जुनी सगळी बोचकी सोडली: बापाची बोट कुणी विकली, चर्चमधल्या बाकाची देणगी कुणाच्या नावाने लागली, तेरेसाच्या नवऱ्याच्या मयताला कोण उशिरा आलं. तेरेसाने अडवलं नाही. ही भांडणं तिला तोंडपाठ होती. मधेच कुणी अडखळलं असतं तर पुढचं वाक्य तिने सुचवलं असतं.

आतून मारिबेलने थाळ्या आणून ठेवल्या. कांदा घातलेल्या पिएरोगी, कोबीची भरली पानं, आणि एका वाडग्यात तांबड्या घेवड्याचा भात, जो शुक्रवारी इथे मिळतो म्हणून ट्रकवाले वाट वाकडी करून येत. ती बसली नाही. पुढच्या खेपेला गेली.

तेवढ्यात इनेस म्हणाली, "मी वाचू का? कारण तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते यात बसतच नाही."

तिने वाचलं. सावकाश, वाचनालयात मुलांना वाचून दाखवावं तसं. गाळा ज्याच्या नावावर होईल ती व्यक्ती या खाणावळीत गेली दोन वर्षं सलग कामाला असली पाहिजे. पहिली पाच वर्षं त्याच व्यक्तीने गाळा चालवायचा. विकायचा नाही, पोटभाड्याने द्यायचा नाही. खाणावळच चालवायची, सकाळ-दुपार.

"दोन वर्षं," काझिक म्हणाला.

"सलग," इनेस म्हणाली.

असले नियम लिहायला असतात, आपण कुणाशी तरी बोलू, असं काझिक म्हणाला. मग म्हणाला, आईच्या नावावर घेऊ, चालवीन मी. इनेसने पत्राची घडी घातली. त्या अटीत बसणारी माणसं तीनच आहेत, ती म्हणाली. बाबची, मम्मी आणि आत्या. आजीला ती बाबची म्हणायची.

आत्या म्हणजे आपण, हे तेरेसाला क्षणभराने कळलं. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं ती रोज सकाळी येऊन गल्ला आणि विसळणं सांभाळत होती. त्याला ती काम समजतच नव्हती. घरी बसून काय करायचं, म्हणून येत होती. तिला घाई झाली. कुणाच्या डोक्यात काही यायच्या आत ती बोलली.

"मग विषयच संपला. मारिबेलच्या नावावर करा. अठ्ठावीस वर्षं तीच चालवतेय."

दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या नरड्यावर असलेले हे दोघे आता एका बाजूला सरकत होते, बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसे.

"खाणावळीच्या पाटीवर आडनाव आपलं आहे," काझिक म्हणाला.

"मारिबेल चांगली आहे," हेन्रिक आपल्या थाळीकडे बघत म्हणाला. त्या थाळीतला भात तिच्या हातचा होता. "नाही कोण म्हणतंय? पण उद्या तिने कुणाशी लग्न केलं, तर? पिलार्चिकांची खाणावळ कुणा परक्याच्या हातात. बाबांनी यासाठी मरमर केली का?"

"बाबा पोती वाहायचे," तेरेसा म्हणाली. "चुलीपुढे ते एक दिवस उभे राहिले नाहीत."

"तू आता तिच्या बाजूने बोलणारच. तिला मागे ठेवलं की तू मोकळी."

हे हेन्रिकने रागाने म्हटलं नाही. म्हणूनच ते लागलं, आणि खरं असल्यामुळे जास्तच.

मारिबेल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या हातात आंबट सायीचं भांडं होतं. ते तिने टेबलावर ठेवलं, हेन्रिकच्या हाताशी, कारण त्याला ते लागतं. मग म्हणाली, "आडनाव मी बदललं नाही कारण त्या कचेरीत सकाळी जावं लागतं, आणि सकाळी मी इथे असते. एवढंच कारण आहे. उगाच त्यात काही शोधू नका."

काझिकने मान खाली घातली. त्या नऊ आठवड्यांत त्याला त्या आडनावात काहीतरी दिसत होतं, हे तेव्हा तेरेसाला कळलं. ती याआधी त्याच्यावर अनेकदा चिडली होती. आज पहिल्यांदा तिला त्याची दया आली.

एवढ्यात आईने आपली पर्स उघडली. रुमाल, जपमाळ, गोळ्यांची डबी असं एकेक काढून तिने टेबलावर मांडलं, आणि तळातून चौपदरी केलेला एक कागद काढला. मंडळाचा अर्ज. त्यावर नाव होतं: मारिबेल पिलार्चिक. वय, पत्ता, कामाची वर्षं, सगळं इनेसच्या गोल अक्षरात. खाली आईची सही थरथरती, पण पुरी. फक्त मारिबेलच्या सहीचा रकाना कोरा होता.

"गुरुवारीच करून घेतलं," आई म्हणाली. "तुम्ही भांडणार हे ठाऊक होतं. म्हटलं, भांडून घ्या आधी."

हेन्रिक इनेसकडे बघत राहिला. इनेस म्हणाली की बाबचीने कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि या घरात तेवढं एकच माणूस आहे ज्याचं ती ऐकते. तेरेसाला हायसं वाटलं. झालं तर मग. आता मारिबेल रडेल, आई तिला जवळ घेईल, भाऊ दोन दिवस घुम्यासारखे वागतील, आणि संपलं.

मारिबेल रडली नाही. तिने हात एप्रनला पुसले, कागद उचलला, लांब धरून वाचला. तिलाही आता चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"दोन्या स्टेफा," ती म्हणाली. सासूला ती लग्नाच्या दिवसापासून आपल्या स्पॅनिश रीतीने, मानाच्या याच नावाने हाक मारत आली होती. "हे कुणाला विचारून केलंत?"

आईला प्रश्नच कळला नाही. बोलणं उजव्या, चांगल्या कानावर पडलं होतं, तरी तिने मान पुढे केली.

"तुझ्यासाठी केलं. तुझ्या हक्काचं आहे."

"असेल. पण मला विचारलं कुणी?"

"मला एकाहत्तर साली कुणी विचारलं होतं? लुडविक म्हणाला, चूल मांडलीय, जाऊन उभी राहा. तीन पोरं पदरात होती, हा हेन्रिक अंगावर पीत होता. मी उभी राहिले."

"म्हणून मलाही उभं केलंत."

नदीवरून एक टग गेला, त्याच्या लाटेने धक्क्याखालचे लाकडी खांब कुरकुरले, आणि टेबलावरचे चमचे बारीक वाजले. सहा जणांपैकी कुणी मान वर केली नाही.

"हो," आई म्हणाली. "तसंच केलं."

मग तिने जे केलं ते तेरेसाने एकोणसाठ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आई हुकूम सोडायची, टोमणा मारायची, किंवा नुसती बघायची; विचारायची नाही. तिने खुर्ची वळवली आणि मारिबेलच्या तोंडाकडे बघून विचारलं, "आता विचारते. पाहिजे का तुला?"

"नको," मारिबेल म्हणाली.

तिने ते पटकन म्हटलं, आणि म्हटल्यावर ती खुर्चीवर बसली. त्या दुपारी पहिल्यांदाच. मग हळूहळू सांगितलं. मुलांच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने ऑगस्टमध्येच अर्ज दिला होता. पहिल्या तारखेपासून बोलावलंय. सकाळी सात ते तीन. शनिवार-रविवार सुट्टी. वर्षाला तीन आठवडे भरपगारी रजा. तिथे ती कुणाची सून नाही, कुणाची टाकलेली बायको नाही; टोपी घालायची, हात धुवायचे, सूप करायचं, घरी जायचं. सांगणार होते, म्हणाली. रोज सकाळी साडेतीनला उठून ठरवायचे की आज सांगते, आणि रोज तुम्ही माझ्या आधी येऊन कणीक भिजवत बसलेल्या असायच्या.

"मी येत होते कारण तू एकटी पडशील," आई म्हणाली.

"आणि मी येत होते कारण तुम्ही एकट्या पडाल."

इनेस एकदम हसली आणि मग तिने तोंडावर हात घेतला. तिचे डोळे भरून आले होते. मम्मी, मला तरी सांगायचंस, मी हा कागद कशाला भरला असता, असं काहीसं ती पुटपुटली. मारिबेलने टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

काझिकने आपलं चित्र गुंडाळलं. त्याला गुंडाळायला वेळ लागला, कागद सारखा उलगडत होता. हेन्रिक म्हणाला, मग दारात कोण बसणार, आणि स्वतःलाच ते ऐकून ओशाळला.

आणि मग, एकामागून एक, सगळे तेरेसाकडे बघू लागले.

कुणी काही म्हणायची गरजच नव्हती. या घरात काही सांडलं की फडकं कुणाच्या हातात असतं, हे ठरलेलं होतं. आई पडली तेव्हा तिला घरी आणलं तेरेसाने. काझिक गेला तेव्हा इनेसच्या शाळेच्या सभांना गेली तेरेसा. हेन्रिकचा संप चालला होता तेव्हा त्याच्या पोरांचे बूट तेरेसाने घेतले. अटीत ती बसत होती. गल्ला तिला येत होता. पाच वर्षं म्हणजे काय, चौसष्टाव्या वर्षी सुटेल. 'बरं, घेते मी,' हे शब्द तिच्या जिभेवर आयते तयार होते. आयुष्यभर ते तिथेच वस्तीला होते.

तिने टेबलाची कड धरली. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. आपण आत्ता बोललो नाही तर ही सगळी माणसं आपल्याला काय समजतील, याचा तिने विचार केला, आणि तो विचार पुरता करायचंही तिला त्राण उरलं नव्हतं. ती गप्प राहिली. सभांमध्ये, पोस्टात, नवऱ्याच्या उशाशी, कुठे कुठे ती बोलली होती. पण या दोन मिनिटांइतकं कष्टाचं काम तिने कधी केलं नव्हतं.

शेवटी आईनेच तिला सोडवलं.

"तिच्याकडे बघू नका," आई म्हणाली. "जेवा. गार होतंय." तिने अर्ज मारिबेलच्या हातातून घेतला, घड्या होत्या तशाच घातल्या आणि बशीखाली सारला. "पुरे झालं. त्रेपन्न वर्षं झाली. माणसांना खाऊ घातलं, कुणी उपाशी गेलं नाही. आता नळ लावू देत नाहीतर झाडं लावू देत."

मग सगळे जेवले. जेवताना हेन्रिक मारिबेलला म्हणाला की मघाशी तो जे बोलला ते त्याला म्हणायचं नव्हतं. तिने सांगितलं की म्हणायचंच होतं, पण असू दे. त्याने आणखी भात वाढून घेतला.

दुपारी विसळायला मारिबेल आणि तेरेसा दोघीच होत्या. बाहेर इनेस आजीला कठड्यापाशी घेऊन गेली होती, आणि काझिक गाडीत बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. बुधवारी तो टँपाला परत जाणार होता. तिथे एकाला भागीदार हवाय, असं त्याने तेरेसाला सांगितलं होतं. ती बरं म्हणाली होती.

मारिबेल थाळ्या पुसत होती. न बघताच ती म्हणाली, "तू हो म्हणाली असतीस तर मीही राहिले असते. तुला एकटीला सोडून जाणं मला जमलं नसतं. म्हणून मनातल्या मनात तुला म्हणत होते, बोलू नकोस, तेरेसा. बोलू नकोस."

तेरेसाने नळ बंद केला. तिला काहीतरी चांगलं उत्तर द्यायचं होतं, पण सुचलं एवढंच की इस्पितळाची ती टोपी मारिबेलला मुळीच शोभणार नाही. मारिबेल म्हणाली, ठाऊक आहे, घालून पाहिली.

सोमवारी आईला उठवायचं नाही असं ठरलं होतं. तरी ती चारला जागी झालीच. तेरेसाला शेजारच्या खोलीतून तिच्या चपलांचा आवाज आला, मग पलंगाची कुरकुर, मग काहीच नाही. साडेआठला तिने दार लोटून पाहिलं, तर आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, चांगला कान उशीत दाबून.

अकरा वाजून गेल्यावर मंडळातून फोन आला. आवाज नवा होता, तरुण, अदबशीर. पूर्वीची बाई बदलून गेली होती. त्याने सुरुवातीपासून सगळं समजावून सांगायला घेतलं: गाळा, अट, मुदत. तेरेसाने त्याला पुरं बोलू दिलं. गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं.

आमच्याकडून कुणाचंही नाव नाही, तिने सांगितलं.

मग त्याने विचारलं की तिला खात्री आहे का. एवढी जुनी जागा, एवढं मोठं कुटुंब. फाइलमध्ये तर पाच-सहा नावं दिसतात. चालवायला कुणीच नाही का?

"आहेत सगळे," तेरेसा म्हणाली. "दमलेत."

तो काही तरी लिहून घेत असावा. तिने तो थांबेपर्यंत वाट पाहिली, त्याला धन्यवाद दिले, फोन ठेवला, आणि आईच्या खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं.